सापबोरं

"खा की," बर्ल म्हणाला. "आत्ता तोडून आणलीत. दोनदा धुतलीत."

नेड्राने वाडग्यातलं एक फळ चिमटीत धरलं, देठाकडून पाहिलं, टोकाकडून पाहिलं आणि मग मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बर्ल व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. गुडघ्यांवर ओली माती, टोपी हातात, आणि चेहऱ्यावर निकालाची वाट बघणाऱ्या पोराचा भाव. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तो शोभत नव्हता, पण गेले तीन दिवस तो तोच चेहरा घेऊन घरभर फिरत होता.

तिने फळ तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं. मग दुसरं खाल्लं, तिसरंही खाल्लं. नंतर वाडगा मांडीवरून उचलून शेजारच्या तिवईवर ठेवून दिला.

"पाण्यासारखं लागतंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाणी पितो ना आपण, तसं."

"जरासुद्धा गोड नाही? आंबट तरी?"

"बर्ल, पाणी म्हणजे पाणी. ठरलं होतं ते ठरलं. मंगळवारी मी नॉक्सविलला केमोला जायची नाही."

तिने शाल खांद्यावर ओढली आणि डोळे मिटून घेतले. बोलणं संपलं असं सांगायची तिची ती जुनी रीत होती. बर्ल वाडगा उचलून आत गेला.

नेड्राचा आतड्यातला कॅन्सर हिवाळ्यात यकृतात उतरला होता. केमोच्या सहा फेऱ्या झाल्या, एप्रिलमध्ये ताप चढून पंधरा दिवस हॉस्पिटलात काढावे लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी पाच आठवड्यांची सुट्टी दिली. सुट्टीनंतर आणखी फेऱ्या देता येतील, काही महिने हाती लागतील, घ्यायच्या की नाही ते तुम्ही ठरवा, असं ते म्हणाले. डॉक्टर लोक असं मोठ्या मनाने तुमच्यावर सोपवतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. घरी मात्र त्यावरून रोज रणकंदन. मुलगी रोंडा गाडी हाकत दीड तासावरून यायची, आईपुढे रडायची, बापाला टोचायची आणि डोळे पुसत परत जायची. गेल्या बुधवारी नेड्रा एकदाची वैतागली.

"हे बघ," ती रोंडाला म्हणाली होती. "मागच्या अंगणातली स्ट्रॉबेरी आता पिकायला आली असेल. ती माझ्या जिभेला लागली तर मी मंगळवारी जाईन. नाही लागली तर पुन्हा म्हणून मला केमोच्या त्या खुर्चीत बसवायचं नाही. कबूल?"

रोंडाने झटकन कबूल केलं. तिला ती अट म्हणजे सुटकाच वाटली. डोंगरातली ती स्ट्रॉबेरी करंगळीच्या नखाएवढी, पण तोंडात टाकली की घशापर्यंत सांगून जाते. तिची चव मेलेल्या माणसालाही लागेल, असं रोंडा जाता जाता बापाच्या कानात म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच गप्प झाली.

स्वयंपाकघरात बर्लने वाडग्यातली दोन-चार फळं तोंडात टाकून पाहिली. त्यालाही काही लागलं नाही. पण त्याच्या जिभेची साक्ष कोण काढणार? वयाच्या चौदाव्या वर्षापासून गालात तंबाखूचा गोळा ठेवणारा माणूस तो. त्याला मीठ कमी पडलेलंही नेड्राने सांगितल्यावर कळायचं.

झाडापाल्यातलं तर त्याला त्याहून कमी कळे. काउंटीच्या रस्तेखात्यात त्याने सदतीस वर्षं ट्रॅक्टरला जोडलेलं कापणीयंत्र चालवलं, रस्त्याच्या दोन्ही कडांचं गवत छाटत. त्याच्या लेखी हिरवं दोनच प्रकारचं: कापलेलं आणि कापायचं राहिलेलं. लोक त्याला हात करायचे, तो टोपीला बोट लावायचा, आणि मागे रस्ता न्हाव्याकडून आल्यासारखा दिसायचा. निवृत्तीच्या दिवशी खात्याने केक कापला आणि एक घड्याळ दिलं. ते घड्याळ अजून चालू होतं, एवढीच त्या नोकरीची कमाई, असं नेड्रा चेष्टेने म्हणायची.

घरात बसवेना म्हणून तो ट्रक काढून गावातल्या शेतकी दुकानात गेला. कोंबड्यांचं खाद्य घ्यायचं निमित्त. वाडग्यातली उरलेली फळं त्याने कागदी पेल्यात भरून बरोबर घेतली. घरी ठेवून तरी काय करायची होती?

गल्ल्यावरच्या ट्विलाला तो ती लहान असल्यापासून ओळखत होता. तिने विचारलं, "मिस नेड्रा कशा आहेत?"

"आहे तशीच. घे, डोंगरातली स्ट्रॉबेरी आहे. तिला काही जाईना."

ट्विलाने पेल्यात डोकावून पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "मिस्टर बर्ल, ही कुणी दिली तुम्हाला?"

"दिली कशाला? माझ्या अंगणातली आहे."

"अहो, ही सापबोरं आहेत!"

बर्लने पेला मागे घेतला. "विषारी?"

"छे हो. खा पोटभर, काही होत नाही. फक्त चव नसते, नुसतं पाणी." तिने एक फळ तळहातावर घेतलं. "हे बघा, बिया कशा वर आल्यात, पुरळ उठल्यासारख्या. खऱ्या स्ट्रॉबेरीच्या बिया खळग्यात बसलेल्या असतात. ही बोरं वर तोंड करून उभी असतात, ती बिचारी पानाखाली मान घालून लोंबते. आणि यांचं फूल पिवळं, तिचं पांढरं. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं सारखंच दिसतं. पानंही तीन-तीनच."

बर्लला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. नुसतं पाणी. म्हणजे नेड्राच्या जिभेला काही झालेलं नाही! तिला जे लागलं तेच कुणालाही लागलं असतं. त्याला गल्ल्यावरून पलीकडे जाऊन ट्विलाला मिठी मारावीशी वाटली. "अगं पोरी," तो म्हणाला, "तुला ठाऊक नाही तू काय सांगितलंस ते."

"पण मग तुमच्याकडची खरी कुठं गेली?" ट्विला म्हणाली. "मिस नेड्रांच्या जॅमची बाटली आमच्या घरी दर वर्षी येते. एप्रिलात तुम्ही रुंद पानांचं तण मारायचं औषध नेलंत, ते कुठं मारलंत?"

कोंबड्यांचं खाद्य गल्ल्यावर तसंच ठेवून बर्ल ट्रककडे गेला.

घरामागच्या उतारावर तीन-तीन पानांचे दोन पट्टे होते. एक डुकराचं मांस धुरवायच्या जुन्या खोलीमागे, दुसरा कपडे वाळत घालायच्या तारेखाली. त्यातला एक आपला आणि दुसरा सापबोरांचा, एवढं नेड्राने त्याला हजारदा सांगितलं होतं. कुठला कुठला, तेही सांगितलं असणार. पण तिकडे गवत कापायचं यंत्र न्यायचं नाही एवढंच त्याने लक्षात ठेवलं होतं. खुडायचं काम तिचं. तो कधी तिकडे फिरकला नाही.

एप्रिलमध्ये ती हॉस्पिटलात असताना तो धुरखोलीमागून चालला होता. पायाशी पानं हलली आणि पानांतून कॉपरहेड जातीचा विषारी साप निघाला, हातभर लांब, चांगला जाडजूड. बर्लने फावड्याने त्याचे दोन तुकडे केले. मग घाम पुसता पुसता त्याला उमगलं की हाच तो सापबोरांचा पट्टा. सापबोरं उगवतात तिथे साप येऊन पडतात, हे त्याला त्याच्या आजीने सांगितलं होतं, आजीला तिच्या आजीने, आणि खोऱ्यातल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. याहून मोठा पुरावा कुठला हवा? नेड्रा घरी येईल, काठी टेकत मागे जाईल आणि तिला साप डसेल, या धास्तीने त्याने दुसऱ्याच दिवशी औषध आणलं आणि पट्टा या काठापासून त्या काठापर्यंत भिजवून काढला. एक पान सोडलं नाही. काम नीट करायची त्याला सवयच होती.

आता तो धुरखोलीमागे उभा होता. समोर करपलेल्या काड्यांचा तपकिरी चौकोन. तो गुडघ्यांवर बसला आणि हाताने काड्या बाजूला करत राहिला, कुठे एखादं हिरवं पान तरी मिळेल म्हणून. मिळालं नाही. पट्टा भिजवताना पांढरी फुलं होती. त्याने ती पाहिली होती, नेमका त्याच फुलांवरून फवारा फिरवला होता. बर्लला वाईट वाटलं असं म्हणणं कमीच होईल. त्याला तिथेच मातीत तोंड खुपसावंसं वाटलं.

त्या रात्री तो नेड्राला काही बोलला नाही. जिभेला काही झालेलं नाही हे सांगायचं तर पट्टा मेला हेही सांगावं लागणार, आणि हातात काही असल्याशिवाय ते सांगायचं त्याला धैर्य होईना.

पहाटे जाग आली ती एक गोष्ट आठवतच. गिरणीकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, दुसऱ्या पुलाच्या पुढच्या वळणावर दरड होती. दर वर्षी मेच्या शेवटी तिथे यंत्र लावलं की शंभरेक पावलं मुरंब्याचा वास यायचा. सदतीस वर्षं त्याने तो वास घेतला होता आणि सदतीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की वरच्या घरात कुणीतरी फळं शिजवतंय. वर घरच नव्हतं.

रविवारी चर्चला जायच्या वेळी तो दरडीवर होता. यंत्र अजून त्या बाजूला आलं नव्हतं. पांढरी फुलं गळून गेली होती, पण पानाखाली हात घातला की फळं लागायची, मान खाली घातलेली, अगदी ट्विलाने सांगितल्यासारखी. दरड उभी, एक खुबा आधीच कुरकुरणारा. तो एका हाताने झुडूप धरून दुसऱ्याने खुडत होता. दोनदा घसरला. एकदा खुडलेली अर्धी फळं गवतात सांडली आणि ती वेचताना तो आईबापांवरून शिव्या देत होता, देवाच्या दिवशी. चार तासांनी पेला भरला.

तो परतला तेव्हा नेड्रा व्हरांड्यातच होती.

"पाद्रीबाबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुला बरं नाही म्हणून सांगितलं मी."

"मला बरं नाहीच." तो पायरीवर बसला. पेला टोपीखाली झाकलेला होता. "नेड्रा, मी तुझी स्ट्रॉबेरी मारली."

मग त्याने सगळं सांगितलं. साप, औषध, पांढरी फुलं, ट्विला. बोलताना तो तिच्याकडे न बघता अंगणाकडे बघत होता. "तेव्हा काल तू खाल्लीस ती सापबोरं होती," तो शेवटी म्हणाला. "तुझी जीभ चांगली आहे. तुला चव आहे."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"सापबोरं होती ते. अरे, कळायला लागल्यापासून मी खुडतेय. डोळे गेलेत का माझे? तू वाडगा मांडीवर ठेवलास तेव्हाच कळलं. वासच नव्हता."

बर्ल वळून तिच्याकडे बघत राहिला. "मग खाल्लीस कशाला?"

"तू दोनदा धुऊन आणली होतीस."

"चेष्टा करू नको. खोटं बोललीस तू माझ्याशी!"

"मी पाण्यासारखं लागतंय म्हटलं. पाण्यासारखंच लागतं ते. विचार कुणालाही."

त्याला राग आला. हॉस्पिटलच्या वाऱ्या सुरू झाल्यापासून तो तिच्यावर रागावला नव्हता, आजारी माणसावर रागवायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं, पण आता त्याचा आवाज चढला. "चार तास मी त्या दरडीला लटकत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, हिला वाटतंय आपली जीभ मेली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"दे इकडं," नेड्रा म्हणाली.

त्याने पेला दिला. तिने तो आधी नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मग एक फळ जिभेवर ठेवलं, चावलं नाही, टाळूशी दाबलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

"लागतंय?"

"लागतंय."

"गोड?"

"आधी आंबट. मग गोड. मग दाताखाली बी आलं की जरासं कडू."

"मग झालं तर!" बर्ल उठून उभा राहिला. "तूच म्हणाली होतीस. लागली तर जाईन. रोंडाला फोन कर, मंगळवारी सकाळी सातला निघू."

"नाही, बर्ल."

"अट तू घातलीस!"

"मीच घातली, मीच मोडते. खाली बस. मान वर करून बोलायला मला त्रास होतो."

तो बसला.

"सहा फेऱ्या मी कॉफीतून खिळे चघळले," ती म्हणाली. "अंडं तोंडात घेतलं की नाणं चोखल्यासारखं. तुझ्या हातचं जेवण मी डोळे मिटून गिळायची, आणि तुला वाटायचं मी देवाचं नाव घेतेय. ही जीभ परत आलीय ती पाच आठवडे सुट्टी मिळाली म्हणून. मंगळवारी त्या खुर्चीत बसले की बुधवारी ती जाणार. आणि या खेपेला ती परत यायची वाट बघायला मी असायची नाही. मला महिने नकोत. मला ही हवीय."

"मग सरळ नाही म्हणायचंस. हा खेळ कशाला?"

"म्हटलं होतं. तीनदा म्हटलं. मी नाही म्हटलं की रोंडा रडायला लागायची आणि तू गवत कापायला जायचास. कापलेलंच परत कापायचास. ऐकायला कुणी उरायचंच नाही. म्हटलं, फळाचं तरी ऐकाल. काल तू हातात आयतीच ती बोरं दिलीस."

बर्ल खरंच यंत्र काढून बाहेर जायचा. यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही, हे त्याला सदतीस वर्षं बरंच वाटत आलं होतं. तो ओक्साबोक्शी रडला असता तर बरं झालं असतं, पण त्याला तेही जमेना. तो नुसता गुडघ्याला लागलेली माती नखाने खरवडत बसला.

"आणि पट्ट्याचं?" तो म्हणाला.

"त्याचा राग आहे मला. आईच्या अंगणातून मुळं आणली होती मी ती. एका सापाचं ऐकलंस आणि मला विचारलं नाहीस. हॉस्पिटलात फोन होता ना?"

"होता."

"मग? राग आहे. तो असू दे. इतक्यात जायचा नाही."

"तारेखालची सापबोरं मी उद्या उपटून टाकतो. सगळी."

"मुळासकट उपट. औषध नको. जमिनीवरून दोरे पळतात त्यांचे, आणि दर गाठीला मूळ धरतात. एक गाठ राहिली की महिन्याभरात होतं तसं होतं." तिने आणखी एक फळ तोंडात टाकलं. "रोंडाला मी सांगेन. दवाखान्याला तू सांगायचंस."

"मी?"

"तूच. मी फोन केला की ती लोकं माझी समजूत घालतात."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, आणि या घरातले फोन नेड्राच करत आली होती. वीजवाले, शाळा, विमा, सगळे. बर्ल उचलायचा आणि "थांबा हं" म्हणून तिच्याकडे द्यायचा.

सोमवारी उजाडताच तो तारेखाली बसला. कुदळीने माती सैल करायची, दोरा धरायचा, तो जिकडे जाईल तिकडे जायचं, गाठ आली की खाली बोटं घालून मूळ काढायचं. नऊपर्यंत जेमतेम खाटेएवढी जागा साफ झाली होती. मग त्याने हात धुतले आणि स्वयंपाकघरातला फोन उचलला. नेड्रा टेबलाशी बसली होती. कालची उरलेली फळं तिने साखरेत चेचली होती आणि गरम पावाला लावून खात होती. तिने मान वर केली नाही.

पलीकडे तरुण मुलीचा आवाज आला. बर्लने नाव सांगितलं, उद्याची वेळ रद्द करायची आहे असं सांगितलं.

"बरं, सर. पुढची कुठली तारीख देऊ? गुरुवारी दहाला जागा आहे."

"पुढची नको."

"नको म्हणजे... नंतर कळवता?"

"नाही, बाई. नकोच."

"मला इथं कारण भरावं लागतं, सर. यायला गाडी नाही, असं टाकू का? आमच्याकडं गाडीची सोय होते."

"गाडी आहे."

"मग पेशंटची तब्येत बरी नाही, असं?"

बर्लने टेबलाकडे पाहिलं. नेड्रा बोटाला लागलेला लाल रस चाटत होती.

"तब्येतीचं लिहू नका," तो म्हणाला. "ती शुद्धीवर आहे, जेवतेय. तिनं नको म्हटलंय. तेवढंच लिहा."

"तसा रकाना नाहीये, सर."

"मग दुसरं काहीतरी म्हणून असेल ना एखादा?"

"'इतर' आहे."

"त्याच्यापुढं लिहा. नेड्रा फे ट्रेंथम हिनं नको म्हटलं."

"बरं, सर."

"लिहिलंत का?"

"लिहिते."

पलीकडे बटणं वाजायला लागली. ती वाजायची थांबेपर्यंत बर्ल फोन कानाला लावून उभा राहिला.